गेला म्हंजे कुठं गेला

माजा जलम रंगूनचा. हसू नका बाई, समदे हसतात, बोलतात आजी बोलते कडावची, भात लावते कडावची, जवळ्याचं कालवन करते कडावचं, मंग रंगूनची कशी? पन माजं डोळं बगा ना जरा. हे काय कर्जत तालुक्यातलं डोळं हायत? रंगूनला नदीच्या कडंला भाताच्या गिरन्या व्हत्या, कोंड्याचा नुसता धुरळा उडायचा, त्या गिरन्यांच्या पाठी आमचं लाकडाचं घर, खांबांवर उभं, खाली पानी आन वर आमी. आई बाजारात सुक्या मासळीचं दुकान लावायची. बाप व्हता, पन आता काय सांगू तुमाला, तो आपला व्हता. किल्ल्या आईच्या कंबरंला. बाप तिच्याकडं चिरूट मागायचा, मंग ती सोता एक पेटवायची आन त्याला एक द्यायची. आमच्या मुलखात बाया चिरूट वडतात, बाजार चालवतात, नवऱ्याला नावानं हाक मारतात, आन लगीन झालं म्हनून कुनाचं नाव बदलत नाय. आडनावच नाय तर बदलनार काय? माजं नाव मा ल्हा. ल्हा म्हंजे देखनी. व्हती मी, खोटं कशाला बोलू, आता गालाच्या खारका झाल्यात.

आमचा मानूस हिकडचाच, कडावचा, कुनबी. त्याचं नाव धर्मा. घ्या, घेतलं नाव, उखाना नाय का काय नाय. मुंबईच्या कुन्या ठेकेदारासंगं बोटीनं आलावता, गिरनीच्या इंजनावर कामाला. आईच्या दुकानात जवळा घ्यायला यायचा, मूठ नाकाला लावायचा आन डोळे मिटायचा, बोलायचा आमच्या घरी पन असाच असतो. मोडकी तोडकी हिंदी बोलायचो आमी दोगं. आमचं जमलं ते जवळ्यावर जमलं, दुसरं काय सांगू. आमच्यात लगीन म्हंजे दोगांनी एका ताटात जेवायचं आन शेजाऱ्यांनी बगायचं, झालं लगीन. मंग त्यानं काचंच्या बांगड्या दिल्या, कुंकू लावायला शिकवलं, आन काळ्या मन्यांची पोत आनून माज्या गळ्यात बांदली. मी बोलली चांगली दिसते, राहू दे.

तवा मी अठराची असंन, जपानचे बॉम्ब पडायला लागले. गिरनी जळाली. हिंदुस्थानातली जेवडी मानसं रंगूनला व्हती तेवडी चालत सुटली, आमी पन निघालो. आई नाय आली. दुकान कोन बगंल, बोलली, लढाई संपली का ये परत. डोंगरातनं, जंगलातनं किती दिवस चाललो त्याची गनती नाय. वाटंत काय काय बगितलं ते मी सांगनार नाय, तुमी पन विचारू नका. चालता चालता धर्मा मला मराठी शिकवायचा. ये, जा, बस, जेव, वाढ, पानी, आला, गेला. बोलायचा, आमच्या आयसमोर हिंदी बोलायची नाय, ती समजंल पोरानं कुठली परकी बाई आनली. आन आमची आय सुखात पन रडते आन दुःखात पन रडते, तू घाबरायचं नाय, हसायचं. हे त्याचं शिकवनं. आता तुमीच सांगा यात चूक कुनाची?

चितागावला पोचलो तर मिलिटरीवाले उभे, इंजन कुनाला येतं, इंजन कुनाला येतं करत. धर्मा बोलला मला येतं. मंग काय, घेतला त्याला. तो मला बोलला, थोडे महिने काम करतो, तू घरी जा. एका गुजराती म्हातारीचं कुटुंब मुंबईला चाललंवतं, त्यांच्या हवाली केलं मला. बाबूकडनं कागदावर पत्ता लिवून घेतला, नुसता पत्ता, चिठ्ठी लिवायला बाबूला सवड कुठं? आन निघताना त्यानं कंबरंचा चांदीचा करदोडा सोडला, आपल्या हातानं सोडला बरं का, आन माज्या गठुळ्यात कोंबला. तिकडं चोरीला जाईल, बोलला, तुज्याकडं राहू दे. मला काय ठावं करदोडा म्हंजे काय? आमच्याकडं कोन घालतं? मला वाटलं दागिना असंल.

कल्यानला त्या म्हातारीनं मला कर्जतच्या गाडीत बसवून दिलं. कर्जतवरनं एका बैलगाडीवाल्यानं कडावला आनून सोडलं. दिवस उन्हाळ्याचे, भर दुपार. गावात पाऊल टाकलं तर पोरं पळाली. जपान आला, जपान आला! बाया दारं लावून बसल्या, पोलीसपाटील काठी घेऊन आला. मी कागद पुढं केला आन हसली. शिकवलंवतं ना, हसायचं. पाटलानं कागद वाचला आन मला एका घरापुढं नेऊन उबी केली. ओटीवर एक म्हातारी तांदूळ पाखडत व्हती. बगितल्याबरूबर समजलं ही आय, नाक सेम धर्माचं. ती बोलली, कोन गं तू? नाव काय तुजं? मी बोलली, मा ल्हा. ती बोलली, मला काय? तुला इचारते, तुजं नाव काय? मी छातीवर हात ठेवून परत बोलली, मा ल्हा. ती थोरल्या सुनंला, म्हंजे माज्या जावंला, बोलली, अगं हिला भूक लागली वाटतं, मला मला करते.

मंग मी म्हनलं, धर्मा. धर्माची बायको. असं ठन्न नाव घेतलं. जाऊ पदर तोंडात घालून आत पळाली. म्हातारी उठली, सुपातलं तांदूळ सांडलं, माज्या खांद्याला धरलं, कुठाय? कुठाय माजा धर्मा? हे मला समजलं बाई. एवडं समजलं, आन उत्तर पन येत व्हतं, मला केवडा आनंद झाला. मी बोलली, गेला.

कामाला गेला असं मला सांगायचं व्हतं. कामाला हा शब्द मला आला नाय. गेला एवडाच आला. आन खोटं वाटायला नको म्हनून मी गठुळं सोडलं आन करदोडा काढून तिच्या हातात दिला.

बाई, तो हंबरडा मी जलमभर विसरनार नाय. म्हातारी जमिनीवर पडली, कपाळ आपटाय लागली. आमच्या भाषेत मेला त्याला संपला बोलतात, गेला म्हंजे बाजाराला गेला, शेतावर गेला. मला काय ठावं इथं मेलेल्याला मेला बोलत नायत, गेला बोलतात? आन मला काय ठावं कुनब्याचा करदोडा सुटतो तो मेल्यावरच सुटतो? मी आपली हसतेय. धर्मानं सांगितलंवतं आय सुखात पन रडते. मला वाटलं सून आली म्हनून रडते, पोराचं आठवून रडते. मी तिच्या डोळ्यातलं पानी पुसाय गेली तर तिनं माज्याकडं असं बगितलं, जशी मी भूतच हाय.

आळीतल्या बाया जमल्या. एक बोलली, हिच्या बांगड्या वाढवा. आता वाढ मला ठावं व्हतं. भात वाढ, आमटी वाढ, म्हंजे अजून दे. मी काय केलं? दोनी हात पुढं केले. सांगताना आज पन अंगावर काटा येतो बगा. मला वाटलं नवी सून, अजून बांगड्या घालनार, हातभर. मी हसत हसत हात पुढं केले आन त्या बाईनं दगड घेतला आन फाडकन हानला. काच फुटली, मनगटातनं रगत आलं. मी हात मागं घेत नाय. बोलतेय मनात, जुन्या फोडून नव्या घालत असतील, रीत असंल. कपाळ पुसलं, मला वाटलं माजं कुंकू मला नीट लावता आलं नसंल, ही नीट लावील. पोत तोडली. तवा मात्र मी वरडली, ती धर्मानं बांदलीवती. मी वरडली तशा बाया बोलल्या, आता समजलं हिला, रडू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठली, अंघूळ केली, आमच्याकडं एका झाडाचं खोड उगाळून गालाला लावतात, माज्या गठुळ्यात तुकडा व्हता, तो लावला, परसातली मोगरीची फुलं तोडून डोक्यात घातली, आन चुलीतल्या निखाऱ्यावर चिरूट पेटवून ओटीवर जाऊन बसली. झालं. जाऊच्या हातातली घागर पडली. मोठा दीर बाहेरनं आला तो उभाच राहिला, रामा रामा बोलला आन उलट्या पावली गेला. जाऊनं फुलं वढून काढली, चिरूट मातीत दाबला. माज्या डोक्याला हात लावला म्हनून मी पन चिडली, आमच्यात डोक्याला कुनी हात लावत नाय, लई वंगाळ. दोगी एकमेकीकडं बगत राहिलो. तिला वाटलं ही बाई नाय, अवदसा हाय. आन मला वाटलं ह्या लोकांत फुलाचा काय राग हाय, देव जाने.

दहाव्याला मला नदीवर नेली. आंब्याखाली बसवली. पुरुष तिकडं भाताचे गोळे ठेवून कावळ्यांना बोलवत व्हते. मला बरं वाटलं, पाखरांना खायला घालतात, पुन्य. पन कावळा काय येईना. येनार कसा, मानूस जिता! पन ते मागाहून कळलं. दीर हात जोडून एकेक कबूल करतोय, आयला सांबाळीन, येत नाय. तुजा वाटा कुनाला देनार नाय, येत नाय. ऊन डोक्यावर आलं, मानसं कटाळली. मंग दीर बोलला, तुज्या बायकोचा पाट लावून देईन चांगल्या घरी, आन नेमका तवाच एक मेला कावळा उतरला आन गोळा घेऊन गेला. समदे बोलले, बगा, त्याचा जीव बायकोत अडकलावता. झाला शब्द पक्का. मी आंब्याखाली टाळ्या वाजवल्या, कावळा जेवला म्हनून. माजा दुसरा नवरा ठरला आन मी टाळ्या वाजवल्या.

पाऊस लागला, लावनी आली, तवा मात्र गाव गप झालं. भात लावायला मला कुनी शिकवायची गरज नव्हती. कंबरंत वाकली का सांजंपतूर सरळ व्हत नव्हती मी. बाया बोलायच्या, धर्माची रंगूनवाली हाताची चपळ हाय. म्हातारी काय बोलायची नाय, पन माज्या पानात भात जास्ती वाढायची. पुरुष जेवल्यावर आमी जेवायचं हे मला पटायचं नाय, पन गिळलं. कुठं निघाली आन जाते बोलली तर म्हातारी कानावर हात ठेवायची, जाते नको बोलू, येते बोल. मी बोलायची, अगो मी चालले नदीवर, येते कशी? ती पाठ फिरवायची. शब्द रोज वाढत व्हते माजे, पन ज्या शब्दानं घात केला तो मला येतोच असं मी समजत व्हती. त्याचा अर्थ कशाला कुनाला विचारीन?

मधी खालापूरकडचा एक मानूस येऊन गेला. बायको मेलेली, दोन लहान पोरी. ओटीवर बसला, माज्या हातचं पानी प्याला, माज्या हाताकडं बगितलं. जाऊ बोलली, भात झोडून झालं का तुला खालापूरला जायचंय. मी बोलली बरं. मला वाटलं त्यांच्या शेतावर कापनीला पाठवतात. बरं बोलली मी! जाऊ बोलली, बया, किती सरळ हाय ही.

गवरी गनपती झाले आन शेजारचा म्हातारा आजारी पडला. एक दिवस सकाळी रडारड ऐकू आली. जाऊ सांगत आली, म्हातारा गेला. मी बोलली, गेला म्हंजे कुठं गेला? त्याला तर उठता येत नव्हतं. जाऊनं कपाळावर हात मारला. वेडी का काय, बोलली, गेला म्हंजे गेला. वर हात केला तिनं. आन समोरनं त्याला बाहेर आनला, तिरडीवर, आन एका बाईनं त्याच्या म्हातारीला धरून बसवली, दगड घेतला. वाढव गं बाई बांगड्या. फाडकन. कपाळ पुसलं. पोत तोडली.

मी माजी मनगटं बगितली. तिथं काचंचे वळ व्हते अजून. बाई, मी त्या लोकांना काय सांगितलं ते मला तवा समजलं. मीच मारला त्याला, माज्या तोंडानं. आठ-धा शब्द येत व्हते मला आन त्यातल्या एकानं मी जित्या मानसाला मारला, आयला त्याच्या रडवली, तेरावा जेवली मी, धर्माचा तेरावा, वर भात मागून घेतला!

मी धावत घरी गेली. म्हातारीचे दोनी हात धरले. आये, धर्मा गेला नाय. कामाला गेला. मिलिटरी, इंजन, बोट, साहेब, जे येईल ते बोलली, इंजनाचा आवाज पन काढून दाखवला. मेला नाय गं, जिता हाय. म्हातारी पांढरी फटक पडली. दीर बोलला, पाट नको म्हनून नाटक करते, जिता हाय तर करदोडा कसा सोडला? कुठला जिता मानूस करदोडा सोडतो? मी बोलली, त्यानंच सोडला, त्यालाच इचारा. दीर बोलला, मी कावळ्याला शब्द दिलाय. म्हातारी तवा पहिल्यांदा उठून उभी राहिली आन थोरल्या लेकाला बोलली, कावळा तुजा बाप लागतो का रं? हिनं सांगितलेलं खोटं असंल तर माज्या डोक्यावर पाप. पन खरं असंल आन तू हिला खालापूरला पाठवली, तर तो आल्यावर त्याला तोंड तू दाखवशील का?

गावानं ऐकलं नाय पुरतं. बोलले, कुंकू लावायचं नाय, बांगड्या नाय, झोडनीपतूर वाट बगा. आला तर आला, नाय तर शब्द पाळा. म्हातारी त्या दिवसापासनं कावळा दिसला का दगड मारायची, खोटारड्या बोलायची. रोज दुपारी कर्जतच्या वाटंला तोंड करून बसायची. मला शेजारी बसवायची आन एकच विचारायची, सांग, जाताना कसा दिसत व्हता? मी रोज तेच सांगायची. तिला माज्यावर विश्वास ठेवायचा व्हता पन भ्या वाटायचं, पुन्यांदा रडायला लागलं तर? मला रातंदिवस वाटायचं, तिकडं खरंच काय झालं असंल तर मी ह्या म्हातारीला दोनदा मारीन.

भात कापलं, खळं सारवलं, झोडनी सुरू झाली. खालापूरवाल्याचा निरोप आला, कदी येऊ? चार दिवस उरले म्हना ना. मी खळ्यावर पेंढ्या झोडत व्हती, डोळ्यात तूस गेलंवतं, म्हनून मला आधी दिसलाच नाय. बायांचे हात थांबले तशी मी वर बगितलं. खळ्याच्या कडंला एक मानूस, खाकी कपडे, दाढी वाढलेली, खांद्यावर घोंगडी. तो माज्या कपाळाकडं बगत व्हता. मंग हाताकडं. मंग परत कपाळाकडं. बोलला, कोन गेलं गं?

मी बोलली, तू.

बाया किंचाळल्या. दोगी तर पेंढ्याच्या ढिगापाठी लपल्या, भूत आलं म्हनून. म्हातारी घरातनं आली ती पळत, आन त्याच्या गळ्यात नाय पडली, आधी सटकन एक मुस्काटात मारली. करदोडा कशाला सोडलास रं मेल्या? मंग रडली, माजा सोन्या म्हनून. तो गाल चोळत उभा, त्याला काय समजंना, बायको रांडाव, आय मारते, दादा पाया पडतोय.

पन घरात घेतलं नाय हां त्याला. भटानं सांगितलं ज्याचं दिवस झाले तो मेला, आता परत जलमाला घालावा लागंल. तीन दिवस गोठ्यात ठेवला. मंग म्हातारीनं त्याला मांडीवर घेतला, एवडा दाढीवाला घोडा, गुडघे तिच्या मांडीवरनं जमिनीला टेकले, जाऊनं कानात कुर्र केलं आन नवीन नाव ठेवलं, जिवा. मी हसून हसून लोळली. मंग आमचं लगीन, परत, ह्या वेळी भटाच्या हातानं, आन माजं पन नाव तांदळात लिवलं, लक्षुमी. एका वरसात मी सून झाली, रांडाव झाली आन परत नवरी झाली. खालापूरवाला पन जेवायला आलावता, पोरींना घेऊन, लुगडं आनलं त्यानं मला. चांगला मानूस व्हता बिचारा. गाव त्याला जिवा बोलायचं, तो मरेपतूर मी धर्माच बोलली.

आता तो नाय, म्हातारी नाय, दीर जाऊ नाय. नातू रसायनीला कंपनीत जातो, नातसून मला गरम गरम भात देते, सोन्यासारखी हाय, देव तिला सुखी ठेवो. लढाई संपली तरी मी परत गेली नाय. पोरं झाली, गुरं झाली, आज जाऊ उद्या जाऊ. दोनदा पत्र लिवून घेतलं, उत्तर आलं नाय. मंग तो देशच वेगळा झाला. आमच्याकडं दहावा नसतो बाई. मानूस संपल्यावर सातव्या दिवशी भिक्षूंना जेवाय बोलवतात आन त्या जिवाला सांगतात, आता ह्या घरात राहू नको, जा बाबा पुढं. आईनं माजी वाट किती बगितली असंल? एक वरीस, पाच वरीस? मंग कुनी तरी बोललं असंल, जंगलात तेवडी मानसं मेली, तुजी पोर पन मेली असंल. मंग तिनं भात रांधला असंल, मासळी रांधली असंल, मा ल्हा म्हनून हाक मारली असंल, आन सांगितलं असंल, जा पोरी. मी तवा इथं खळ्यावर असंन, नाय तर पोराला पाजत असंन. मला कुनी कळवलं नाय. माजा सातवा कुठल्या दिवशी झाला ते मला आजपतूर ठावं नाय.